आत ओढलेला होकार

खोटं वाटेल तुम्हाला, पण आमच्या विद्यापीठात विषयशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला माझ्याइतकं देखणं पाठ टाचण कुणीच लिहीत नव्हतं! काय शिकवायचं ते निळ्या शाईत, कसं शिकवायचं ते हिरव्या, आणि मुळात शिकवायचंच कशाला ते लाल! गणित आणि रसायनशास्त्र हे माझे विषय. सरावपाठांसाठी शाळा मिळाली ती इथे ऊमिओ शहरातच, विद्यापीठापासून सायकलवर दहा मिनिटांवर. त्या शाळेत ऑगस्टपासून नेमकी याच दोन विषयांची एक जागा रिकामी होणार होती. ती जागा माझी, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. शिक्षकांच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबलसुद्धा हेरून ठेवलं!

आडवा आला स्वान्ते.

स्वान्ते माझ्याच वर्गातला. विषय तेच, शाळा तीच, आणि आम्हा दोघांची मार्गदर्शकही एकच, गुनवोर. या बाईची बत्तीस वर्षं त्या प्रयोगशाळेत गेली होती. मोकळ्या जागेसाठी ती ज्याचं नाव सुचवेल त्याच्यावर मुख्याध्यापक डोळे मिटून सही करतात, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. स्वान्ते पाठ टाचण लिहायचा दुधाच्या रिकाम्या खोक्यावर. वर्गात येऊन म्हणायचा, "काय रे पोरांनो, आज काय फोडायचं?" आणि आठवीची कार्टी त्याच्यावर जीव ओवाळून टाकायची!

तेवढंही मी सहन केलं असतं. पण गुनवोरचा तो होकार! या देशाच्या उत्तरेकडच्या लोकांना सरळ तोंड उघडून 'हो' म्हणायला थंडी वाजते. ते होकार आत ओढतात. ओठांचा चंबू करायचा आणि बशीतला चहा भुरकावा तसा श्वास आत घ्यायचा. श्शुप! झाला होकार. स्वान्तेचा तास संपला की गुनवोर त्याच्याकडे बघून, श्शुप! माझा तास संपला की मात्र कागदांची चळत पुढ्यात टाकायची. "तुवा, थोडं लिहिलंय. वाच." थोडं म्हणजे चार पानं, पाठपोट!

मी मोजलं हो. हसू नका, गणिताची विद्यार्थिनी आहे मी. तीन आठवड्यांत स्वान्तेला एकेचाळीस होकार. मला दोन, आणि त्यातली एक बहुधा उचकी होती.

पोटात असं दुखायला लागलं की दालचिनीचा बन गोड लागेना. स्वान्ते इथलाच, उत्तरेतल्या योकमोकजवळच्या खेड्यातला. मी दक्षिणेची, स्कोनेची. आम्ही बोललो की यांना वाटतं घशात लापशी अडकलीय. स्वान्ते तर तोंडावर म्हणायचा, "तुवा, आधी गिळ, मग बोल!" मग म्हटलं, ठीक आहे, रोग कळला! गुनवोरला आपलं माणूस हवंय. आपण आपलं माणूस होऊन दाखवू. एका आठवड्यात असा होकार ओढून दाखवीन की स्वान्तेनं वहीत लिहून घ्यावं!

सराव सुरू केला. बसथांब्यावर श्शुप, आंघोळ करताना श्शुप. घरमालकीणबाईंनी दारावर टकटक करून विचारलं, "नळ गळतोय का गं?" शाळेत मधल्या सुट्टीत मी रसायनांच्या कोठीत जायची आणि दार लावून घ्यायची. श्शुप! श्शुप! श्शुप! आठव्या दिवशी दार उघडलं. समोर गुनवोर, आणि तिच्या मागे शाळेची नर्स, माइब्रिट.

"किती दिवस चाललंय हे?" गुनवोरनं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं विचारलं.

"आठवडाभर," मी लाजून म्हटलं.

माइब्रिटनं माझं मनगट धरलं. "श्वास घ्यायला त्रास होतो?"

आता सांगा, समोर गुनवोर उभी, आठवडाभराची मेहनत पाठीशी, आणि प्रश्न असा की उत्तर तयार! मी तिचा प्रश्न नीट ऐकलाही नाही. श्शुप!

"थंडीत जास्त?"

श्शुप!

"घरात कुणाला दमा आहे?"

श्शुप! तिन्ही असे सुरेख जमले की मलाच माझा अभिमान वाटला. माइब्रिटनं कागदावर काहीतरी खरडलं, गुनवोरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मनात म्हटलं, पाघळली!

दुसऱ्या दिवशी कळलं कशी पाघळली ते. विद्यापीठातून आमचा प्राध्यापक रुत्गेर (इथे सरांनाही अरेतुरेच!) पाठनिरीक्षणाला येणार होता. विषय आम्ल आणि अल्कली, पाठ आम्हा दोघांनी वाटून घ्यायचा. तांबड्या कोबीच्या रसात व्हिनेगर घातलं की गुलाबी, अमोनिया घातला की हिरवा. सगळी गंमत अमोनियाची! आणि गुनवोर म्हणाली, "अमोनिया स्वान्ते करेल. तुवा, तू फळ्यावर तारीख आणि विषय लिही."

"तारीख?"

"खडूसुद्धा नाही, पेननं. धूळ नको."

अंगाचा तिळपापड झाला! "मला काहीही झालेलं नाही! अमोनिया मीच करणार! नाहीतर मी रुत्गेरला सांगेन की इथे पक्षपात चालतो!"

स्वान्ते बिचारा म्हणाला, "करू दे गं तिला, मी कोबी किसतो." याच्या मोठेपणाचा मला आणखी राग आला. गुनवोरनं खिडक्या उघडायच्या अटीवर परवानगी दिली. मार्च महिना, बाहेर उणे अकरा.

पाठाच्या दिवशी आठवीचा वर्ग टोप्या घालून बसला होता. मागच्या बाकावर गुनवोर, शेजारी रुत्गेर, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात, मांडीवर वही. मी अमोनियाच्या बाटलीचं बूच काढलं. "मुलांनो, कुठल्याही रसायनाचा वास थेट घ्यायचा नाही! हातानं हवा अशी नाकाकडे ढकलायची. बाटलीवर वाकून श्वास ओढायचा? कधीच नाही!"

रुत्गेर मान डोलावत लिहीत होता. मी बाटलीवर वाकून तिच्यावरची धोक्याची चिठ्ठी दाखवत होते. तेवढ्यात गुनवोरनं काळजीनं विचारलं, "तुवा, ठीक आहेस ना?"

खुद्द गुनवोर, रुत्गेरच्या देखत! मी ओठांचा चंबू केला आणि जन्मातला सर्वांत खणखणीत होकार ओढला.

लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात, माझ्या नाकाला अमोनिया झोंबला! डोक्यात घणच बसला. डोळ्यांतून धारा, घशातून आवाज नाही.

"गुनवोर, ही रडतेय!" पुढच्या बाकावरची पोरगी ओरडली.

"दमा!" गुनवोर किंचाळली. "माइब्रिटला बोलवा!"

स्वान्ते टेबलाकडे झेपावला. येऊ नकोस, पाठ माझा आहे, हे सांगायला मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. त्याला वाटलं, मी त्यालाच बोलावतेय. मी त्याला ढकलायला हात फेकला, तो लागला कोबीच्या रसाच्या भांड्याला. एव्हाना रुत्गेर मदतीला पुढे आला होता. अख्खं भांडं त्याच्या सदऱ्यावर! जांभळा झाला बिचारा, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत.

आणि स्वान्ते काय म्हणाला असेल? "तर पोरांनो, थेट वास का घ्यायचा नाही, हे तुवानं दाखवलं. आता रुत्गेर, हलू नकोस हं!" आणि ड्रॉपरनं त्याच्या खिशावर व्हिनेगरचे थेंब! जांभळ्यावर गुलाबी ठिपके उमटले! टाळ्या, शिट्ट्या! रुत्गेर स्वतःच ओरडला, "आता बाहीवर! बाहीवर घाल!"

नळाखाली डोळे धरून मी हे सगळं ऐकत होते. अमोनियानं जेवढी आग झाली नाही, तेवढी त्या टाळ्यांनी झाली.

नंतर कॉफीला बसलो. ठिपक्याठिपक्यांचा रुत्गेर म्हणाला, "दोघेही उत्तीर्ण. सुरक्षिततेचा इतका परिणामकारक पाठ मी पाहिला नाही." आणि दुसरा बन उचलून निघून गेला.

मग मात्र माझा बांध फुटला. "गुनवोर, खरं सांग. याला रोज होकार आणि मला चार-चार पानं! मी इतकी वाईट शिकवते?"

स्वान्तेनं कप खाली आपटला. "काय? तुला पानं मिळतात? मला तर ही एक ओळ लिहून देत नाही! नुसता श्वास घेते! महिनाभर जळतोय मी!"

गुनवोर आम्हा दोघांकडे पाहतच राहिली. "स्वान्ते, तास संपला तरी तुझी बडबड थांबत नाही; तो श्वास म्हणजे 'हो हो, आता संपव'! आणि तुवा, चार पानं मी उगाच कुणासाठी लिहीन? दुसऱ्या आठवड्यातच ठरवलं होतं, जागेसाठी तुझंच नाव द्यायचं."

मी खुर्चीतून उडालेच! "खरंच?"

"हो ना. पण माइब्रिटचा कागद आला. दमेकरी बाईला प्रयोगशाळेत कोंडायचं म्हणजे पाप! काल मी स्वान्तेचं नाव दिलं. सही झाली."

"अगं, पण मला दमा नाहीये!"

"माइब्रिटनं तीनदा विचारलं, माझ्यासमोर. तू काय म्हणालीस?"

काय म्हणाले होते ते सांगायचं, तर का म्हणाले होते तेही सांगावं लागलं असतं, आणि तेही स्वान्तेच्या देखत! मी उरलेला बन तोंडात कोंबला.

स्वान्ते उठला, खिडकीजवळच्या टेबलावर आपली पिशवी ठेवली, आणि खिडकी घट्ट लावून घेतली. "काळजी घे गं," तो अगदी मनापासून म्हणाला. "उगाच थंड हवा आत ओढू नकोस."