हौशीरामाची रीथ

घाटातून विजेची गाडी धावू लागून फार दिवस झाले नव्हते, त्या काळी लोणावळ्याला रेल्वेच्या गोदामात हौशीराम नावाचा मुकादम होता. मूळचा मावळातल्या कान्हे गावचा. गावी शेती होती, ती भाऊ बघायचे, आणि हा नोकरीला. आपल्याला न जमणारं एखादं काम जगात असू शकतं, हे त्याला अजून कुणी पटवून दिलं नव्हतं. घरचं घड्याळ त्यानं स्वतः दुरुस्त केलं होतं (ते पुढं कधी चाललं नाही, पण तो घड्याळाचा दोष). छपरही त्यानंच शाकारलं होतं (ते गळायचं, पण पूर्वीच्या जागी नाही).

पाडवा आठवड्यावर आलेला. रविवारची सकाळ. त्याची बायको रतनबाई पहाटेपासून मागच्या पडवीत चुलीशी होती, कारण तिचे आबा, म्हणजे तिकोणा पेठ गावचे महिपती, आज घरी येणार होते. ही साधी गोष्ट नव्हती. तीन वर्षांपूर्वी आखाडाच्या जेवणाला सासुरवाडीला गेलेल्या हौशीरामानं रश्श्यात बोट बुडवून विचारलं होतं, "आबा, ह्यात कोंबडं किती आन् पवना नदीचं पानी किती?" पंगत हसली. आबा हसले नाहीत. "तुमच्या उंबऱ्याला पुन्यांदा पाय लावायचा न्हाई," एवढंच म्हणाले आणि त्यांनी तो खरंच लावला नाही. रतनबाईनं तीन वर्षं निरोप धाडले, सणावाराला डोळे पुसले, तेव्हा कुठं आबांनी ‘येतो’ म्हणून कळवलं होतं.

"तेवढं बाजारातनं झेंडूचं तोरण आना," रतनबाई पुरण वाटता वाटता म्हणाली. "आबा दारातनं मागं फिरले न पायजेत."

"इकत कशाला? मी घरीच करतो. तोरणबिरण न्हाई, रीथ!"

"कसली रीत?"

"रीत न्हवं गं, रीथ! पानाफुलांची गोल आसती. बंगल्यावरच्या मडमेच्या दाराला बघितली मी. वसंत ऋतू आला की ती दाराला टांगत्यात."

"मंजी सायबाची रीत."

"रीथ!"

"बरं, काय आसंल ती आसंल, पर चांगली करा," रतनबाई म्हणाली आणि पाट्याकडं वळली. तिला कटाच्या आमटीची काळजी होती.

हौशीराम कामाला लागला. गोल कडं हवं होतं. कोपऱ्यात रतनबाईची बांबूची नवी पाटी होती, तिची कड त्यानं विळीनं सोडवून घेतली (पाटीला कडेवाचून काही अडत नाही, असं त्याचं मत). हिरव्या पाल्यासाठी लांब जायची गरजच नव्हती. घरामागं कडुलिंब नुसता पालवला होता, कोवळा, लालसर, तकतकीत. हौशीरामानं हात भरून डहाळे तोडले आणि काथ्यानं कड्याला गच्च बांधले.

आता, देवी आलेल्या घराच्या दाराला कडुलिंब बांधतात, हे मावळात तान्ह्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. त्यात बाजारपेठेत एक-दोन घरी देवी आल्याची कुजबुजही चालू होती. हौशीरामाच्या मनात ते आलं नाही असं नाही. पण देवीचा पाला झुपक्यानं लटकतो आणि आपला तर गोल आहे! शिवाय वर पळसाची फुलं येणार होती. ती त्यानं लायनीच्या कडेच्या झाडावरून आणलीच होती. ती पाल्यावर त्यानं इतकी दाट खोचली, की हिरवं कुठं दिसेना. दाराच्या चौकटीवर खिळा ठोकून रीथ टांगली, चार पावलं मागं जाऊन बघितली आणि मडमेची कीव केली.

मग तो अंघोळीला गेला. अंघोळ, दाढी, फेटा असा सगळा थाट होईपर्यंत ऊन तापलं, वारा सुटला आणि पळसाची फुलं एकेक करून गळाली. खाली पडलेली फुलं गल्लीतल्या शेळीनं वेचून खाल्ली. चौकटीवर उरला नुसता कडुलिंब. हौशीराम फेटा सावरत दारात येऊन उभा राहिला तो बरोबर त्याच्या खाली, आणि वर बघायचं त्याला काही कारण नव्हतं. स्वतः केलेलं काम माणूस पुन्हा पुन्हा कशाला तपासेल?

समोरच्या बयाबाई हातात तांब्या आणि झाकलेली वाटी घेऊन आल्या. अर्ध्या वाटेवरच चपला काढल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "कवापास्नं?"

"आजच सकाळी, मावशी," हौशीराम अभिमानानं म्हणाला.

"धाकटी का मोठी?"

"मोठीच की! धाकटी दिसली आसती का एवढ्या लांबनं?"

बयाबाईंनी कपाळाला हात लावला. "लय भरलीया?"

"गच्च! तिळाएवढी जागा सोडली न्हाई."

"आगं माय! किती दिस आता?"

"पानी शिपडत ऱ्हायलं तर आठ-पंधरा दिस सहज."

बयाबाईंनी उंबऱ्यावर तांब्याभर पाणी घातलं, दहीभाताची वाटी ठेवली, हात जोडले आणि मागं सरल्या. मागच्या पडवीतून लसणाच्या फोडणीचा वास आला तशा थबकल्या. "आन् फोडनी बंद करा बाबा. आसल्या घरात फोडनी!"

हौशीरामाला वाईट वाटलं. रीथ नाही जमली कुणाला तर ठीक आहे, पण म्हणून दुसऱ्याच्या आमटीवर जळू नये.

तेवढ्यात वळणावर आबा दिसले. कामशेतपर्यंत चालत आणि पुढं गाडीनं आलेले, डोक्यावर आंबेमोहोराचं बोचकं. बयाबाई त्यांना आडव्या गेल्या, काहीतरी पुटपुटल्या, दाराकडं बोट केलं. आबांच्या डोक्यावरचं बोचकं खाली आलं. त्यांनी वहाणा तिथंच सोडल्या, दारासमोर आले आणि भर धुळीत त्यांनी साष्टांग दंडवत घातलं.

हौशीरामाचा ऊर भरून आला. सासरा नमेल, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. इतका सपाट नमेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

"आई, माझं चुकलं," आबा धुळीतनंच म्हणाले. ("आई" हा हौशीरामानं "आई गं" मधला धरला. म्हाताऱ्याची कंबर दुखत असणार.) "राग सोड आता."

"सोडला! कवाच सोडला," हौशीराम म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून हात वर केला.

आबांनी मान उचलली. दारात कडुलिंबाखाली जावई डोळे मिटून, हात उंच धरून उभा. त्यांच्या अंगावर काटा आला. आईच बोलतीय ह्याच्या तोंडानं!

"माये, माझ्या लेकीला सांभाळ," आबांचा आवाज फाटला. "तीन वर्सं तिचं तोंड बघितलं न्हाई मी, त्या मेल्या रश्श्यापायी! ती बरी हू दे. मी हितंच पडून ऱ्हातो."

"बरी हू दे" हे शब्द हौशीरामानं ऐकले. पण सासरा माफी मागत असताना असल्या किरकोळ शब्दांकडं कोण लक्ष देतो?

"मंजी रस्सा पातळ व्हता, ह्ये कबूल?"

"कबूल! पातळ व्हता! नुसतं पानी व्हतं!" आबा ओरडले. गल्लीत दारादारांतून डोकी बाहेर आली.

आवाज ऐकून रतनबाई लाटणं घेऊन बाहेर धावली. "आबा! अवं, ढकललं का काय तुमी माझ्या आबांना?"

आबा ताडकन उठले. लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांनी तो उजेडाकडं वळवला, दंड बघितले, कपाळाला हात लावला. "ताप हाय गं तुला!"

"सकाळपास्नं चुलीम्होरं हाय. तापनारच की."

"आन् फोड?"

"पोळीची वाफ लागून ह्या बोटावर एक आलाय. का?"

आबांनी वर बोट केलं. रतनबाईनं वर बघितलं. हौशीरामानंही शेवटी वर बघितलं. पळसाचं एकही फूल उरलं नव्हतं.

"ती... रीथ हाय," तो म्हणाला.

"ही कसली रीत?" आबा कडाडले. "धडधाकट पोरीच्या दारावर लिंब टांगायची? माझा जीव गेला आसता वाटंवर!" आणि मग त्यांना आठवलं, की आपण धुळीत पडून कुणापुढं काय काय कबूल केलं ते. आबांनी बोचकं उचललं, वहाणांत पाय घातले आणि वळले.

"आबा," रतनबाई म्हणाली. "देवीसाठी धुळीत पडलात. आता देवी न्हाई, फकस्त मी हाय. माझ्यासाठी उंबरा वलांडनार न्हाई?"

आबा पाठमोरे उभे राहिले. मग पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले, वहाणा काढल्या आणि उजवा पाय आत टाकला. रतनबाई लहान पोरीसारखी रडली आणि खरं सांगायचं तर हौशीरामही रडला.

ताटं वाढली तेव्हा मात्र आबांनी हात वर केला. "उंबऱ्यावर निवद आलाय. मंजी आता देवी आलीच म्हनायची. पाळनूक पाळाया पायजे. गोड-तिखट, फोडनीचं, काय चालायचं न्हाई."

"कुनाला?" हौशीरामानं भीत भीत विचारलं.

"ज्याच्या तोंडानं ती बोलली त्याला." आणि आबांनी पुरणपोळी तुपात बुडवली. हौशीरामानं बयाबाईंचा दहीभात खाल्ला.

जेवणं झाली. घरातल्या एकुलत्या एका बाजेवर आबा ऐसपैस आडवे झाले.

"आबा," खाली बसलेला हौशीराम अदबीनं म्हणाला, "रानातली कामं खोळंबली आसतील. सांजच्या गाडीनं..."

"आसल्या घरातनं देवी गेल्याबिगर पावनं हलत नसत्यात," आबा डोळे मिटून म्हणाले. "ती कवा जानार, त्ये तुमीच इचारा तिला. तुमच्याच तोंडानं बोलतीया न्हवं?"

आत्ताच जातेय, असं सांगायला हौशीरामानं तोंड उघडलं. तेवढ्यात पडवीच्या दारात रतनबाई दिसली. ओल्या हातांनी उभी, बापाकडं बघत, तीन वर्षांत हसली नव्हती अशी हसत.

"आई म्हंतीया," हौशीराम म्हणाला, "पाऊस लागंस्तोवर ऱ्हावा."

"बरं," आबांनी कूस बदलली. "आईचं बोलून झालं आसंल तर, जावईबापू, आता जरा पाय चेपा."