शेवटच्या दृश्यातलं पिंप

टीव्हीवाल्या टिपणीस साहेबांनी टेलिफिल्मची सगळी गोष्ट पाऊण तास हातवारे करून सांगितली, आणि सिद्धरामने शेवटी एकच प्रश्न विचारला.

"साहेब, माझा पावडरीचा डबा किती वेळ दिसंल?"

गोष्ट तशी सोपी होती. एका गावात दोन दुकानं समोरासमोर. एक पावडरवाल्याचं, एक उटणेवालीचं. दोघं एकमेकांवर कुरघोडी करता करता एका गरीब मुलीच्या तोंडाला आपापला माल फासत राहतात. शेवटी ती मुलगी वैतागून दोघांच्या देखत खसाखसा तोंड धुते आणि निघून जाते. यात दोघांचीही टर उडवली आहे, हे कुणालाही कळलं असतं. पण सिद्धरामला फक्त पावडरवाला ऐकू आला होता.

अशी खरीखुरी जोडी साहेबांना अहमदपुरात सापडली. बसस्टँडच्या रस्त्यावर अलीकडे सिद्धरामची 'शोभा पावडर', पलीकडे गुरम्माक्काचं उटणं. त्या वर्षी दुष्काळ असा की गावात टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती. कचेऱ्या जवळ आल्या होत्या, पाणी मात्र होतं तिथेच होतं. मात्र दुष्काळाने सिद्धरामचं भलं केलं होतं. त्याने पाटीच रंगवून घेतली होती: 'शोभा पावडर. पाण्याची गरज नाही.' तोंड धुवायला पाणी नाही म्हटल्यावर लोक पावडर थापून लग्नाला जात. उटणं लावलं की धुवावं लागतं, म्हणून गुरम्माक्काच्या पुड्यांवर धूळ बसत होती.

"डबा दिसेल हो," टिपणीस साहेब म्हणाले, "पण शेवटच्या दृश्याला पिंपभर पाणी हवं. इथे प्यायलाच नाही, आम्ही कुठून आणू?"

"म्या देतो!" सिद्धराम उठूनच उभा राहिला. "पिंप माझं, पाणी माझं. फकस्त पिंपावर शोभाचं नाव पायजे."

पलीकडच्या ओट्यावरून गुरम्माक्काने ऐकलंच. "सिद्राम अण्णा, प्यायच्या पाण्यात तोंड धुवायलाव व्हय? देव बगून राहिलाय बरं का!"

"टीव्ही पण बगून राहिलाय, अक्का!"

आता ही पिंपांची भानगड नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पावडरीची पांढरी भुकटी हैदराबादहून पत्र्याच्या पिंपात यायची. पिंप रिकामं झालं की त्याच पिंपात घरचं पाणी भरायचं. म्हणजे घरात दिसायला अगदी सारखी पिंपं: काहींत भुकटी, काही रिकामी. टँकरची रांग माणसांची नसायची, भांड्यांची असायची. घागर, बादली, घमेलं, जे असेल ते आदल्या संध्याकाळी ठेवून यायचं. भांडं म्हणजेच माणूस. त्या रांगेत पिंप ठेवायचं काम सिद्धरामने आपल्या आईवर, शरणम्मावर सोपवलं.

"अव्वा, रिकामं पिंप ठिव लायनीत. पुढं ठिव."

शरणम्माला रांगेचा अनुभव दांडगा होता. रिकामं पिंप हलकं. लोक ते पायानं हळूच मागे सरकवतात आणि आपली घागर पुढे घेतात. म्हणून तिने हिशोबाने जरा जड लागलेलं पिंप निवडलं, आणि ते घासत घासत सातव्या नंबरला नेऊन ठेवलं.

सकाळी टँकर आला. टँकरवाला मलप्पा वर उभा राहून खाली पाइप सोडायचा. खाली रेटारेटी, शिव्या, लेकरांची रडारड. शरणम्माने झाकण काढलं. आत बुडाशी पांढरं दिसलं. पण त्या पिंपांचं बूड नेहमीच पांढरं असायचं. शिवाय तिचा चष्मा गेल्या बैलपोळ्यापासून एका काचेचा होता. पाइप आत गेला, पाणी धो धो पडलं, झाकण बसलं. मग पिंप हातगाड्यावर चढलं आणि खाचखळग्यांतून गदगदा हलत थेट शूटिंगच्या जागी, दोन्ही दुकानांच्या मधोमध येऊन उभं राहिलं. सिद्धरामने त्यावर लाल अक्षरांत 'शोभा' असा कागद चिकटवला आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे भरून पाहिलं.

टिपणीस साहेबांनी सगळ्यांना बजावलं, "कॅमेरा चालू असताना कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. रीळ महाग असतं. एक जरी आवाज आला तरी दृश्य बाद, आणि मग पुन्हा कधी होईल सांगता येत नाही."

गरीब मुलीचं काम करणाऱ्या नटीच्या एका गालाला पावडर आणि दुसऱ्या गालाला उटणं फासलेलं. डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिने ते घट्ट मिटलेले. "अ‍ॅक्शन!" नटी चाचपडत पिंपाशी आली. मदतनिसाने झाकण काढलं.

सिद्धरामने आत पाहिलं. आत दूध होतं. दूधही नव्हे, चुना लावायच्या आधी गवंडी कालवतो तसं काहीतरी दाट.

त्याने तोंड उघडलं. रीळ महाग असतं हे आठवलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग दोन्ही हात वर करून कोंबडी हाकलावी तसे हलवले. लोकांना वाटलं, हा आनंदाने नाचतोय. नटीने ओंजळ भरली आणि खसाखसा तोंडाला चोळली. दुसरी ओंजळ. तिसरी. आणि नवीन सारवलेल्या भिंतीसारखं तोंड वर करून किंचाळली, "अहो, हे काय आहे?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शोभा!"

सगळा रस्ता फुटून हसला. पण नटीचे डोळे चुरचुरायला लागले होते. "पाणी! पाणी द्या कुणीतरी!" हसणारे एकमेकांकडे पाहायला लागले. घराघरांत तीन दिवस पुरवायचं पाणी होतं. सिद्धरामकडे होतं ते सगळं त्याच पिंपात होतं.

गुरम्माक्का आत गेली. सकाळी भरलेली पितळी घागर कमरेवर घेऊन आली, आणि नटीचं डोकं काखेत धरून, न्हाऊ घालावं तसं तिचं तोंड स्वच्छ धुतलं. निम्मी घागर गेली.

"आता तीन दिवस काय करशील गं?" शरणम्माने विचारलं.

"तुमच्याकडं जेवाया येते की, अव्वा. तुमचं पोरगं दूध वाटून राहिलंय."

टिपणीस साहेबांनी यातलं काहीच थांबवलं नव्हतं. कॅमेरा चालूच होता. नटीचे डोळे निवेपर्यंत कॅमेरावाला रस्त्याने चालत गेला आणि पुढच्या टँकरसाठी या वेळी आत्तापासूनच लागलेली भांड्यांची नवी रांग टोकापर्यंत टिपून आला.

दोन महिन्यांनी, रविवारी संध्याकाळी, शाळेच्या पटांगणात टीव्ही ठेवला. सगळं गाव जमलं. सिद्धराम नवा सदरा घालून पहिल्या ओळीत. शेवटचं दृश्य आलं. 'शोभा'चा कागद ओला होऊन कधीच गळून पडला होता. पांढरं तोंड दिसलं, घागर दिसली, आणि मग ती रांग. एक मिनिट, दोन मिनिटं, संपेचना.

"अगं बया, माझं घमेलं!"

"ती बादली आमची! चिरलेली!"

"मागनं तिसरा डेचका आमचा हाय, बगा, बगा!"

गावातल्या एकूण एक भांड्याने टीव्हीवर तोंड दाखवलं. राहिला फक्त सिद्धरामचा डबा.

ती रांग लातुरातल्या कुणा मोठ्या साहेबांनीही आपल्या घरी पाहिली म्हणे. काही असो, त्या आठवड्यापासून अहमदपुरात रोज दोन टँकर यायला लागले. लोकांनी सिद्धरामला चौकात हार घातला. "तुझ्या पिंपामुळं पाणी आलं, गड्या!" हार घालून लोक घरी गेले आणि तोंड धुवायला लागले. तोंड धुतल्यावर पावडर कुणाला आठवेना. पलीकडे गुरम्माक्काच्या दुकानासमोर मात्र बायांची रांग. या वेळी भांड्यांची नाही, माणसांची.

सिद्धराम दिवसभर पाटी बघत बसे. 'पाण्याची गरज नाही.' शेवटी एका दुपारी त्याने ती काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि दुकानामागच्या मोरीत गेला.

तेवढ्यात गुरम्माक्का रिकामे डबे मागायला आली. तिच्या पुड्या पुरेनाशा झाल्या होत्या. पुढे कुणी दिसेना म्हणून ती सरळ मागे गेली. सिद्धराम उकिडवा बसला होता. समोर काठोकाठ भरलेली बादली, आणि तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळंधमक.

गुरम्माक्काने वाकून नीट पाहिलं.

"तरीच म्हणलं," गुरम्माक्का म्हणाली, "अव्वा ह्या वयात रोज एक पुडी कामून नेऊन राहिल्या."

सिद्धरामने डोळे घट्ट मिटून घेतले. डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

"मानंला पण लावा, अण्णा," ती वळता वळता म्हणाली. "आन धुवायच्या आधी बादलीत काय हाय ते बगा."