जावयांची टीम

गुरप्पाअण्णा मुलगा बघायला गेले की मुलाचं तोंड बघत नसत. पाय बघत.

बाकीची मंडळी शेती किती, भाऊ किती, विहिरीला पाणी किती, असलं विचारत बसायची. अण्णा सतरंजीच्या टोकाला मांडी घालून गप्प. मुलगा समोर येऊन उभा राहिला की अण्णांच्या मांडीवरून एक लिंबू निसटायचं. अगदी चुकून निसटल्यासारखं. ते घरंगळत मुलाकडं जायचं. मुलानं वाकून, हातानं उचलून, नमस्कार करून परत दिलं की अण्णा उठायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "पोरगं संस्काराचं हाय. आपल्या कामाचं न्हाय."

मुलानं ते पायानं अडवलं तर त्याच्या बापाला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. अण्णा मात्र पुढं सरकून हळूच विचारायचे, "एडगाल का?" एडगाल म्हणजे कानडीत डावा पाय.

हे सगळं कशासाठी, तर मुरुम गावच्या फुटबॉल टीमसाठी.

तेव्हा आमच्याकडं निझामाचा अंमल होता. शाळेत उर्दू, घरात कानडी, बाजारात मराठी आणि मैदानावर तिन्ही भाषांतल्या शिव्या. मुरुमच्या कापसाच्या जीनवाल्या मालकांनी टीम पाळली होती. पाळली हाच शब्द बरोबर, कारण खेळाडूला जीनमध्ये काम, राहायला खोली आणि रोज शेरभर दूध मिळायचं. दसऱ्यापासून होळीपर्यंत सामने. होळीनंतर जमीन तापली की खेळ बंद आणि लगीनसराई सुरू. गावाला वाटायचं, फुटबॉल संपला. अण्णांचा तिथून पुढं सुरू व्हायचा.

अण्णा स्वतः कधी बॉलला पाय लावलेला माणूस नव्हे. त्यांचं पानाचं दुकान होतं आणि जोडीला सोयरिकी जुळवायचा नाद. या दोन्हींची सांगड त्यांनी फुटबॉलशी घातली होती. त्यांचं म्हणणं असं, की पगारी खेळाडू दुसऱ्या गावात दूध जास्त दिसलं की जातो. "जावई जात न्हाय. जायाला लागला तर बायकू जाऊ देत न्हाय." म्हणून चांगला खेळाडू दिसला, की तो ज्या जातीचा असेल त्या जातीची मुलगी मुरुमात हुडकायची आणि त्याला घरजावई करून आणायचं. मुसलमानांच्या घरांसाठी त्यांचे भागीदार होते बांगड्या विकणारे चाँदचाचा. कुठल्या घरात कोण लग्नाची झालीय, हे मनगट बघून त्यांना कळायचं.

उन्हाळाभर दुकानातल्या ओल्या फडक्यावर अकरा पानं मांडलेली असायची. गोलकीपर, दोन बॅक, तीन हाफ, पाच पुढं. गिऱ्हाइकानं चुकून त्यातलं पान उचललं की अण्णा ओरडायचे, "आरं ठेव! सेंटर हाफ हाय तो!" एखादा खेळाडू थकला असं मनात पक्कं झालं, की अण्णा त्याचं पान उचलायचे, चुना लावायचे आणि खाऊन टाकायचे. जुना राइट हाफ एकदा दुकानासमोरून जाताना अण्णांना चघळताना पाहून पांढरा पडला होता.

आता माझं. मी कळंबचा. घरी भुसाराचा धंदा आणि मला त्यात गती नाही, हे घरच्यांनी मान्य केलेलं. एका लग्नात माळ्यावरून भोपळे खाली टाकत होते आणि मी झेलत होतो. आठ भोपळे झेलले, एकही पडला नाही. कारण मागं वडील उभे होते आणि पडला असता तर मांडवातच कानाखाली बसली असती. पण लांब खांबाला टेकून अण्णा बघत होते. त्यांनी मला नाव विचारलं नाही. म्हणाले, "हात वर करा बघू." मी केले. त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं आणि महिन्याभरात त्यांच्या पुतणीशी, शांताशी, माझं लग्न लागलं.

मी फुटबॉल खेळत नाही हे मला त्यांना सांगायचं होतं, पण विषयच निघाला नाही. भोपळा सरळ येतो आणि त्याला खाली यायची फारशी घाई नसते. बॉलचं तसं नसतं. पहिल्याच सामन्यात मी चार गोल खाल्ले. घरी शांता भाकरी वाढताना म्हणाली, "काकानं तुमाला गोल अडवाया आणलंय म्हणं. मग कुणाची वाट बघत उभं व्हता?"

अण्णा मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. "जावईबापू, हात चांगले हायती. डोकं पुढल्या सालापर्यंत येतंय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या वर्षी माझ्यापुढं भिंत पाहिजे म्हणून त्यांनी आणि चाँदचाचांनी कासीमला आणलं. चाचांच्या भाचीशी त्याचा निकाह झाला. कासीम बॅकला उभा राहिला की समोरच्या माणसाला आधी कासीम दिसायचा, मग उरलंच तर मैदान. मला त्यानंतर फार काम राहिलं नाही.

आता फडक्यावर एकच जागा मोकळी होती. लेफ्ट आउट.

डाव्या पायाचा खेळाडू सगळ्या मुलखात एकच होता, आणि तो उमरग्याचा. मल्लू. विधवा आईचा एकुलता एक, घरी हातमाग. दिवसभर मागाच्या पावड्या दाबून त्याच्या पायात असं काही आलं होतं, की बॉल त्याच्याकडं पाळलेल्या मांजरासारखा यायचा. दरसाल तो आम्हाला हरवायचा आणि दरसाल अण्णा उन्हाळाभर त्याच्या नावाचं पान पाण्यात ठेवायचे. पण मल्लूला देण्याजोगी मुलगी मुरुमात एकच होती. महादेवी. अण्णांची.

अण्णांची बायको महादेवी लहान असतानाच गेली होती. घरात बाप आणि लेक दोघंच. तेव्हा बेत सोन्यासारखा होता. मल्लू घरजावई आला की टीम पुरी होते आणि लेकही घरीच राहते. तिसऱ्या उन्हाळ्यात अण्णा मला घेऊन उमरग्याला गेले.

लिंबू घरंगळलं. मल्लू मागावरच बसला होता. त्यानं खाली न बघता डाव्या पायानं ते थांबवलं आणि हलकेच उडवलं. लिंबू परत अण्णांच्या मांडीत येऊन पडलं. अण्णांनी डोळे मिटले. "एडगाल," ते म्हणाले, देवळात म्हणावं तसं.

मग बोलणं निघालं. मल्लूची आई म्हणाली, "पोरगं नेताव, न्या. ह्यो माग उचलून नेताव का? आन् मला कुठं ठिवताव?"

"तुमीबी चला की," अण्णा म्हणाले.

"म्या लेकाच्या सासुरवाडीत जाऊन ऱ्हाऊ?" तिनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, कळलं नाही.

मल्लू म्हणाला, "अण्णा, आईला सोडून म्या येत न्हाय. पोरगी द्यायची आसंल तर हितं द्या."

परतताना गाडीत अण्णा बोलले नाहीत. मुरुममध्ये मात्र सगळे बोलले. मालक म्हणाले, असली सोयरीक झाली तर पोरगीही जाईल आणि मल्लू आणखी जोरात खेळेल. चाँदचाचा म्हणाले, महादेवीला गावातलंच दुसरं स्थळ बघू, नजरेसमोर राहील. सगळ्यांचं ऐकून घेऊन अण्णांनी त्या काळी कुणी करत नसे ते केलं. लेकीला विचारलं. माझ्यादेखतच.

महादेवी चूल फुंकत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मला काय इचारताव? आसा पाय साऱ्या मुलखात न्हाय म्हून तुमीच सांगताव की धा येळा."

अण्णा उंबऱ्यावरून उठले. मग दुकानात गेले आणि पाण्यात ठेवलेलं मल्लूचं पान उचलून एका गिऱ्हाइकाला बांधून दिलं.

लग्न झालं. मुरुमची टीम जेवायला आली, पण तेराव्याला बसल्यासारखी जेवली.

पुढं अण्णा एकदाच उमरग्याला गेले. वेशीतच पोरं ओरडायला लागली, "आला! खेळाडू पळवणारा आला!" मोठी माणसंही जमली. कुणाला वाटलं मल्लूला फितवायला आले, कुणाला वाटलं टीमचं गुपित काढायला आले. महादेवी दारात येऊन उभी राहिली आणि सगळ्या गल्लीसमोर रडायला लागली. अण्णा पायरीवरूनच परतले. पंचमीला लेकीला आणायला मूळ धाडलं तर सासू आजारी. दिवाळीला मागावर कामाची गर्दी. लेक काही माहेरी आली नाही. दुकानात तिचा विषय निघाला की अण्णा हाफ बॅकवर बोलायला लागायचे.

हिवाळ्यात उमरग्याच्या जत्रेत सामना ठरला. आमचा आणि त्यांचा. आदल्या दिवशी जीनच्या आवारात टीम बसली होती. कासीम म्हणाला, "अण्णा, उसका पाँव मैं देख लेतूँ. एक बार गिरा, तो फिर उठता नै."

एरवी असलं ऐकून अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारायचे. त्या दिवशी म्हणाले, "बॉल घे. पायाला लागायचं न्हाय. त्या पायावर माग चालतो."

कासीमनं मान हलवली.

सामन्याला अण्णा नेहमीसारखे माझ्या गोलामागं उभे होते. एरवी सामनाभर त्यांचं चालू असायचं, "पुढं व्हा, डावीकडं सरका, झोपलाव का?" त्या दिवशी एक शब्द नाही. अर्धा खेळ झाला, पाऊण झाला, गोल कुणाचाच नाही. मी खूश. पलीकडच्या कडेला बायकांच्या बैलगाड्या उभ्या होत्या. तिकडं पुरुषानं जायची रीत नव्हती, आणि सामना संपायच्या आत गाड्या जुंपून निघून जायच्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"जावईबापू."

"काय?"

"माझी लांबची नजर गेलीया. त्या गाड्यांत महादेवी हाय का, बघा जरा."

"अण्णा, बॉल त्यांच्याकडं आहे."

"आसू द्या. बघा."

मी बघितलं. "आहे. तिसऱ्या गाडीत. हिरवं लुगडं."

"वाळली का?"

मी नीट बघायला लागलो. आणि तेवढ्यात त्यांच्या डाव्या बाजूनं मल्लू आला. कासीमनं त्याचा पाय इतका जपला की बॉलही जपला. मी मान वळवली तोवर बॉल माझ्या कानाजवळून गेला होता. तेव्हा गोलाला जाळी नसायची. तो सरळ जाऊन अण्णांच्या पोटावर आदळला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

सगळा उमरगा उड्या मारायला लागला. पंच शिट्टी फुंकत बॉल मागत होता. कासीम मला उर्दूत आणि सेंटर हाफ कानडीत शिव्या घालत होता. अण्णा बॉल छातीशी धरून तसेच उभे.

"वाळली का, सांगा की."

इतक्या लांबून वाळली की भरली हे कुणाला दिसणार? एवढंच दिसत होतं, की गाड्यांतल्या सगळ्या बायका मल्लूकडं बघून हात उडवत होत्या आणि हिरव्या लुगड्याची एकटीच उभी राहून, डोळ्यांवर हात धरून, आमच्या गोलाकडं बघत होती.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "चांगली भरलीय. आणि तुमच्याकडंच बघतेय."

अण्णांनी गाड्यांच्या दिशेनं हात वर केला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग धोतराच्या सोग्यानं बॉल पुसला, पंचाच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "हं. आता खेळा नीट."