यज्ञेश्वर डॉट घाट

"नाव ठेवायचं तर अमेरिकेला विचारा, हे ठरवलं कोणी?" आल्हाद मुळ्येने जेवताना विचारलं. वडिलांच्या, म्हणजे भय्यासाहेबांच्या, हातातली वरणाची वाटी तिथेच थांबली.

भय्यासाहेब बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. इंदूरला मित्राच्या कारखान्यात त्यांनी आल्हादसाठी नोकरी बोलून ठेवली होती, आणि आल्हादला ती मुळीच नको होती. उज्जैनच्या माधव नगरात त्याचा चार कॉम्प्युटरांचा सायबर कॅफे होता आणि डोक्यात एक कल्पना होती. साल दोन हजार एक. तेव्हा जो तो वेबसाइटच्या नावामागे डॉट कॉम लावत होता, आणि अशा शेपट्या कोणत्या असाव्यात ते सातासमुद्रापार ठरत होतं. आल्हादने सरळ स्वतःची शेपटी काढली, डॉट घाट. नावांची यादी त्याच्या कॉम्प्युटरवर, आणि मालकही तोच.

"आणि ही नावं घेणार कोण?"

"राम घाटावरचे गुरुजी."

"तुझं डोकं फिरलंय."

"फिरू दे. माझं आहे."

भय्यासाहेबांनी वाटी खाली ठेवली. "ठीक आहे. सर्वपित्री अमावास्येपर्यंत बाहेरगावचा एक तरी यजमान त्या नावाने गुरुजींपर्यंत पोचला पाहिजे. नाहीतर दुसऱ्या दिवशी इंदूर. बोल, कबूल?"

"कबूल," आल्हाद म्हणाला आणि आणखी भात घेतला.

गंमत अशी, की जे मॅनेजरसाहेबांच्या गळी उतरेना ते राम घाटावरच्या यज्ञेश्वर गुरुजींना दोन मिनिटांत समजलं. घाटावर प्रत्येक गुरुजींचं निशाण असतं. कोणाचा हत्ती, कोणाचा मोर. यजमानाला आजोबांनी सांगून ठेवलेलं असतं, मोराच्या निशाणाकडे जा, दुसऱ्याकडे बघूसुद्धा नको.

"म्हणजे हे कॉम्प्युटरमधलं निशाण," गुरुजी म्हणाले. "मग माझं मलाच दे हं. शेजारच्या हत्तीला दिलंस तर बघ."

त्याच आठवड्यात अकरा गुरुजींनी नावं घेतली. यज्ञेश्वर गुरुजींनी तर आपल्या मोराखाली कापडावर ठसठशीत रंगवून घेतलं, यज्ञेश्वर डॉट घाट. येणाऱ्याजाणाऱ्याला, भाजीवाल्याला, ऑटोवाल्यांना ते थांबवून थांबवून दाखवत.

आता खरी रड सुरू झाली. कॅफेत नाव टाकलं की मोर झकास उघडायचा. कॅफेबाहेर कुठेच उघडेना, कारण बाकीच्या जगाचे कॉम्प्युटर आल्हादची यादी वाचतच नव्हते. गुरुजींचे अमरावतीचे यजमान अनिलराव ठोसर यांचा फोन आला. "अहो, इथे काहीच दिसत नाही."

आल्हादने फोनवरच त्यांना सेटिंग बदलायला लावलं. त्यांचा कॉम्प्युटर यापुढे प्रत्येक पत्ता आल्हादच्या कॉम्प्युटरला विचारणार होता. पाऊण तास गेला, पण अमरावतीत मोर उघडला. आल्हादने कॅफेतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजला.

दुपारी माधव नगरची वीज गेली. पाठोपाठ फोन आला.

"मुळ्ये, माझं सगळंच बंद पडलंय. मुलाची मेलसुद्धा येत नाहीये."

"इथे लाइट गेली आहे काका. येईल तासाभरात."

"उज्जैनची लाइट गेली तर अमरावतीत मी का बसून राहायचं?"

प्रश्न बिनतोड होता. आल्हादने माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी इंदूरच्या एका इंटरनेट कंपनीत जाऊन धडकला. म्हणाला, माझी यादी तुमच्याच मशीनवर ठेवा, म्हणजे कोणाला सेटिंग बदलायला नको.

"पहले पब्लिक माँगे, फिर लगाएँगे," तिथला साहेब म्हणाला.

"पब्लिक कहती है, पहले लगे, फिर माँगेंगे."

"तो आप पब्लिक को समझाइए."

बाकीचे दहा गुरुजी आता रोज कॅफेत येऊन बसायचे. "आमचा यजमान कधी दिसणार?" आल्हाद बारीक झाला. बायको, मृण्मयी, एकदा म्हणाली, "सोडून दे ना. इंदूर काही वाईट नाही."

"वाईट नाही गं. पण तिथे मी हरलेला म्हणून जाईन." तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

सर्वपित्रीच्या सकाळी घाटावर ही गर्दी. भय्यासाहेब इंदूरच्या मित्राचं पत्र खिशात घेऊन हजर होते. आल्हाद मोराच्या कापडाखाली मान ताठ ठेवून उभा होता. तेवढ्यात घाटाच्या वर एक ऑटो थांबला. बॅग सांभाळत एक गृहस्थ पायऱ्या उतरले, मागोमाग ऑटोवाला.

"गुरुजी, मी अनिल ठोसर. तो कॉम्प्युटर मी जुन्या सेटिंगवर नेला हो, राग मानू नका. पण नाव डोक्यात बसलं होतं. देवास गेटच्या बस स्टँडला उतरलो, म्हटलं, यज्ञेश्वर डॉट घाट. याने थेट इथे आणलं."

आल्हाद वडिलांकडे वळला. "पोचले."

"हे कॉम्प्युटरने कुठे झालं?"

"कॉम्प्युटर तुम्ही कुठे म्हणाला होतात? नावाने पोचला पाहिजे म्हणालात. नावाने पोचले."

भय्यासाहेबांचा उभा जन्म करारातले शब्द वाचण्यात गेला होता. त्यांनी इंदूरचं पत्र खिशात आणखी खोल सरकवलं.

ऑटोवाला मात्र हलेना. "भैया, ये डॉट घाट आपका है? मैं ओंकार, देवास गेट ऑटो यूनियन से. आगे कोई नाम बेचो तो पहले हमसे पूछ लेना. कौन सा नाम किधर उतरेगा, ये हम तय करते हैं."

"नहीं पूछूँगा."

"मत पूछो. कल से मोर की सवारी हाथी पे उतरेगी."

यज्ञेश्वर गुरुजींनी घाईघाईने आल्हादचा दंड धरला. "बाळा, विचार. विचारायला काय जातं?"

आल्हादने एकदा मोराकडे पाहिलं, एकदा शेजारच्या हत्तीकडे. अमेरिकेला तो भ्याला नव्हता, पण देवास गेटपुढे मान डोलवायच्या बेतात होता.

"कोई नहीं पूछेगा," मागून आवाज आला. भय्यासाहेब लालबुंद झाले होते. "नाम हमारा, लड़का हमारा, और परमिशन तुम्हारी? चलो, कहाँ बैठता है तुम्हारा अध्यक्ष, मैं बात करता हूँ." ते तरातरा पायऱ्या चढून ऑटोत जाऊन बसलेसुद्धा.

"भय्यासाहेब, आणि इंदूर?" आल्हादने खालून विचारलं.

"त्यांना फोन करून सांग," ते सरकून त्याला जागा करत म्हणाले, "आम्हा दोघांनाही वेळ नाही."