परबकाकांच्या मशीनचं गाऱ्हाणं

संगणक सुरू करण्याआधी परबकाका त्याच्या डब्यावर टिचकी मारतात आणि विचारतात, "उठलंस काय रे?" उत्तर येणार नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. पण झोपलेल्याचं एकदम बटण दाबणं बरं नव्हे, असं त्यांचं मत आहे.

परळच्या आमच्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहतात. एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. निवृत्त होताना कचेरी भंगारात काढत असलेला एक संगणक त्यांनी रीतसर अर्ज करून घरी आणला. त्यावर कुणा ओळखीच्याने विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स घालून दिलं. त्याला आता इतकी वर्षं झाली, की त्या आवृत्तीचं नाव घेतलं तर दुकानदार हसतात. काकांना त्याचं काही नाही. "चलता मा? मग चलान दे," एवढंच म्हणतात.

पडद्यावर एरर आली की आपण वैतागतो. काका हात जोडून ती मोठ्याने वाचतात. "मशीन शिव्या घालीत नाय गो, गाऱ्हाणा घालता. आधी ऐकून तरी घे!"

यंदा चाळीच्या दुरुस्तीत व्हरांड्यातल्या सगळ्या वायरी निघाल्या. त्यात काकांच्या इंटरनेटची वायरही गेली. नवी वायर टाकायला कुणी तयार होईना. मी म्हटलं, "काका, माझं वायफाय आहे ना, पासवर्ड देते." काका खूश झाले. लॅमिंग्टन रोडला जाऊन अंगठ्याच्या पेराएवढा एक वायफाय पकडणारा अ‍ॅडॉप्टर घेऊन आले. त्याच्या खोक्यावर पेंग्विनचं, म्हणजे लिनक्सच्या खुणेचं, चित्र होतं. "बघ, आपल्या जातीचो आसा," म्हणाले.

लावला. दिवा लागला नाही.

काकांनी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं. मशीनला काहीतरी जोडलंय एवढं कळत होतं, ते काय आहे हे कळत नव्हतं. "पावणो दारात इलो, पण वळाखता कोण?" काका म्हणाले. ओळख पटायला ड्रायव्हर हवा. म्हणजे मशीनला त्या वस्तूशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम. तो मी माझ्या लॅपटॉपवर उतरवायचा, पेन ड्राइव्हवर घालायचा आणि व्हरांडा ओलांडून काकांकडे न्यायचा, असं सुरू झालं. ऑफिसातून आले की चहा त्यांच्याकडेच.

पहिला ड्रायव्हर नव्या लिनक्ससाठी लिहिलेला निघाला. पडद्यावर एररची रांग लागली. काका हात जोडून वाचत बसले. रांग काही संपेना, तेव्हा म्हणाले, "ह्या गाऱ्हाणा नाय, ही पंचायत आसा."

मी सुचवलं, "काका, लिनक्सची नवीच आवृत्ती घालू या ना. फुकट मिळते. अ‍ॅडॉप्टर लगेच चालेल."

काकांचा चेहरा पडला. "नको."

"का पण?"

"नको म्हटला मा."

दादरला राहणारा त्यांचा पुतण्या तर नवाकोरा लॅपटॉप घेऊन द्यायला निघाला होता. त्यालाही नकार. मी म्हटलं, तोवर काय बघायचं ते माझ्या फोनवर बघा. तर म्हणाले, तिथला पासवर्ड मशीनलाच ठाऊक, मला नाही. तिथला म्हणजे कुठला, हे काही सांगेनात. आता मला राहवेना. हा माणूस वर्तमानपत्र कागदाचं वाचतो, व्हिडिओ बघत नाही, बँकेत स्वतः जातो. मग रोज संध्याकाळी दार लोटून त्या डब्यासमोर करतो काय?

शोधता शोधता जुन्या लिनक्ससाठीचा ड्रायव्हर सापडला. तो बसला. आता मशीन म्हणू लागलं, एक फाइल मिळत नाही. ती फाइल आम्ही ठेवलेली होती. सांगितलेल्या जागीच होती. तरी मिळत नाही! काका अ‍ॅडॉप्टरवर खेकसले, "मेल्या, समोर ताट वाढलाहा, दिसत नाय तुका?"

मी फाइलचं नाव पुन्हा वाचलं. पहिलं अक्षर कॅपिटल होतं. मशीन मागत होतं ते छोटं.

"काका, हे नाव कुणी टाइप केलं?"

काका खाली बघायला लागले. उभ्या नोकरीत साहेबांनी कधी टायपिंगची चूक दाखवली नाही, हे चाळीत सगळ्यांना त्यांनीच सांगून ठेवलं होतं. "नावाचा पयला अक्षर मोठा लिवतत," ते पुटपुटले. "आमका तसाच शिकवलेला."

अक्षर छोटं केलं. मशीन बंद करून पुन्हा लावलं. अ‍ॅडॉप्टरवर हिरवा दिवा लुकलुकला. काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. खुर्ची पुढे ओढून घाईघाईने एक पान उघडलं.

साधं, पांढरं पान. त्याच जुन्या लिनक्सवाल्यांनी एकमेकांच्या अडचणी सोडवायची जागा. वरच्या सगळ्या ओळी एकाच माणसाच्या होत्या. जोआकिम. मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं होतं, परब, दिसत नाहीस? खाली पुन्हा, मशीन बिघडलं का? त्याखाली, मित्रा, तू बरा आहेस ना?

"हा कोण?"

"पोर्तुगालाक आसता. तो मास्तर होतो. बायको गेली, तेव्हापासून एकटोच." काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आधी लय लोक होते गो हंय. एकेक करून सगळे नव्यावर गेले. आता आमी दोघच. त्याचा मशीन जुना, नवा त्याच्यावर चलणा नाय. मी नवा घेतलंय तर तो कोणाक विचारतलो? आणि मी तरी हंय कित्याक येव?"

मी चहाच्या कपबशा गोळा केल्या.

"'काळजी करू नको' ह्या इंग्रजीत कसा लिवतत?" त्यांनी विचारलं.

"डोन्ट वरी."

काकांनी ते पुटपुटून बघितलं. पसंत पडलं नाही. "ह्या कचेरीतल्यासारखा वाटता." मग इंग्रजी अक्षरांत, एकेक बोट जपून टेकवत, त्यांनी लिहिलं, 'मी हंयसर आसंय.'

"काका, 'मी इथेच आहे' हे त्याला मालवणीत कसं कळणार?"

"कळतला."

मी कपबशा विसळून येईपर्यंत पडद्यावर नवी ओळ आली होती. इंग्रजी नव्हती, त्याच्या भाषेतली होती. काकांनी ती जमेल तशी वाचली, मग पुन्हा एकदा वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बरो आसा म्हणता."