हात वर

शिक्केकाकांच्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या. एक, हात हृदयाच्या वर ठेवायचा, म्हणजे सूज येणार नाही. दोन, खांदा मोकळा करत राहायचा, नाहीतर तो आखडेल. पहिली गोष्ट काकांनी शिरसावंद्य मानली. दुसरीचा विचारच केला नाही. उभी हयात पोस्टाच्या खिडकीमागे शिक्के मारण्यात गेलेला माणूस तो. ज्याचा अर्ज नाही त्याचं काम नाही, हा त्यांचा खाक्या. खांद्याने कधी तक्रार केली नव्हती, मग त्याच्याकडे कशाला बघायचं?

तक्रार मनगटाची होती. शिक्के मारून मारून आतली नस दबली, बोटांना मुंग्या यायला लागल्या, शर्टाची बटणं लागेनात. निवृत्तीनंतरचं काकांचं स्वप्न एवढंसं होतं: दुपारी जेवून आडवं व्हायचं आणि कुणी काच ठोठावून "जरा बघता का" म्हणायचं नाही. त्या झोपेचं मुंग्यांनी पार खोबरं केलं होतं. म्हणजे हा सगळा खटाटोप दुपारच्या झोपेसाठी होता म्हणा ना.

आता हृदय नेमकं कुठे संपतं हे काकांना ठाऊक नव्हतं. उगाच धोका नको, म्हणून त्यांनी हात थेट डोक्याच्या वर धरला. पांढरंशुभ्र बँडेज आणि त्यातून डोकावणारी पाच बोटं. घरी येताना एक बस त्यांच्यासाठी थांबली. काका चढेनात, तेव्हा वयाचा मान राखून जेवढं बोलता येईल तेवढं ड्रायव्हरने बोलून घेतलं. शाळा सुटलेली पोरं टाटा करत गेली. काकू चार पावलं मागे राहून, ओळख न दाखवता चालत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"अहो, खाली घ्या तो हात. लोक बघतायत."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी छातीच्या वर सांगितलंय. आभाळाच्या नाही."

त्याच रविवारी सोसायटीची सभा होती. पंप दिवसाआड रुसायचा, लिफ्ट स्वतःच्या मर्जीने थांबायची, आणि या दोघांना कंटाळून जुने सेक्रेटरी घर विकून निघून गेले होते. अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते सगळ्यात वरच्या मजल्यावरचे वकील. काका आजारी, म्हणून त्यांना कौतुकाने पहिल्या रांगेत बसवलं. तिथेच घात झाला.

वकिलांनी विचारलं, सेक्रेटरीचं काम कोण घेतं? झालं, सगळी सभा आपापल्या चपलांकडे बघू लागली. वर होता तो एकच हात, आणि त्याचा मालक रात्रभराच्या ठणक्याने पेंगत होता. टाळ्यांनी त्याला जाग आली.

"अहो, माझं ऑपरेशन झालंय," काका म्हणाले.

"ऐकलंत?" वकील सभेकडे वळले. "ऑपरेशन झालेला माणूस हात वर करतो, आणि तुम्ही धडधाकट लोक चपला बघत बसता."

धडधाकट लोकांना लाज वाटली आणि लाजेच्या भरात त्यांनी आणखी जोरात टाळ्या पिटल्या. काकांना थेट नाही म्हणायची सवयच नव्हती. पोस्टात "उद्या या" म्हटलं की भागायचं. ते तसं म्हणेपर्यंत किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या डाव्या हातात पडलाही होता.

त्या दिवसापासून दुपारची झोप संपली. डोळा लागतोय न लागतोय तोच बेल वाजायची. डाव्या हाताने पंप सुरू व्हायचा, पण पाणी बंद करायची चावी काही फिरायची नाही. टाकी भरून वाहायची आणि खालच्या शिक्षिकाबाई ओली उत्तरपत्रिका घेऊन दारात उभ्या राहायच्या. एकदा प्लंबर गच्चीवर होता आणि काका खाली अंगणात. वरून त्याला काकांचा हात दिसला. थांबायला सांगतायत असं समजून तो बिचारा थांबला, आणि काका हा काम का करत नाही म्हणून बघत उभे राहिले. दुपारपर्यंत अख्खी इमारत कोरडी.

"यापेक्षा पोस्ट बरं होतं हो," काकू थकून म्हणाल्या. "तिथे निदान खिडकी बंद व्हायची."

यथावकाश टाके निघाले. डॉक्टरीणबाईंनी काकांना डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस लावून पाहिला, मूठ आवळायला लावली आणि निकाल उत्तम आहे म्हणाल्या. खांद्याचं विचारलं, तेव्हा काकांनी ठीक आहे म्हणून सांगितलं. ठणकत होता, पण इतके दिवस वर राहिल्यावर ठणकणारच. त्यांनी त्याला मनाशीच भरपगारी रजा देऊन टाकली आणि हात जो खाली सोडला तो पुन्हा वर म्हणून नेला नाही. पुढे पुढे शर्टाची बाही काकूंना चढवून द्यावी लागायची. थंडीमुळे असेल, असं काका म्हणायचे.

त्यांचं सारं लक्ष वार्षिक सभेकडे लागलं होतं. त्या दिवशी मुदत संपणार, किल्ल्या टेबलावर ठेवायच्या, घरी जायचं आणि झोपायचं. काकूंनी उशीचा अभ्रासुद्धा बदलून ठेवला होता.

सभा भरली. काका किल्ल्या हातात घेऊनच बसले होते. वकील उठले आणि म्हणाले, असा माणूस शोधून सापडणार नाही, तेव्हा पुढेही काकांनीच काम पाहावं. "कुणाचा विरोध असेल तर हात वर करा."

काकांनी होतं नव्हतं ते बळ एकवटून उजवा हात उचलला. तो मांडीवरून निघाला, पोटापाशी आला, छातीपाशी आला आणि बरोबर हृदयावर येऊन अडला. खांद्यातून अशी कळ गेली की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाहा," वकिलांनी काकांकडे बोट दाखवलं. "छातीवर हात ठेवून हो म्हणतायत. डोळे भरून आलेत त्यांचे."

काकांनी घाईघाईने डावा हात वर केला. किल्ल्यांचा जुडगा खणखणला. मग तर टाळ्या थांबेचनात.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "निदान तो तरी खाली घ्या."

काकांनी घेतला. जुडगा उजव्या हातात दिला आणि न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून पंपाची किल्ली वेगळी केली. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. ऑपरेशन खरोखरच उत्तम झालं होतं.