पडद्याकडे पाठ

आमचे शेजारी मेहबूबभाई शिंपी सिनेमाला जातात आणि पडद्याकडे पाठ करून बसतात. पौडला सिनेमाचा तंबू येऊ लागल्याला नऊ हंगाम झाले. त्यांच्याबरोबर मी आजवर बावीस खेळांना बसलो. त्यातल्या एकवीस खेळांत त्यांनी रॉकेलचा रिकामा डबा उपडा घातला, पडद्याला पाठ दाखवली आणि खेळ संपेपर्यंत समोरच्या पोरांची तोंडं पाहिली. मी तालुका कचेरीत कारकून आहे. आकडा तपासल्याशिवाय सांगत नाही. राहिलेल्या एका खेळाबद्दलच हे लिहितो आहे.

भात निघालं की बाजारतळाखालच्या खाचरात तंबू पडतो. पहिल्याच वर्षी एका राक्षसाच्या सिनेमाने असा घोटाळा केला, की दिवस मावळल्यावर चौदा पोरं परसात जाईनात. गावातल्या प्रत्येक पोराचा सदरा मेहबूबभाईंच्या मशीनखालून जातो, त्यामुळे चौदाही आयांची गाऱ्हाणी त्यांच्या ओट्यावर आली. ते उठून शाळेत गेले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "गुरुजी, कापड मापाबिगर पोराच्या अंगाला लावीत न्हाई आपुन. मंग ह्ये कसं लावता?"

हेडमास्तर आधी हसले, मग विचारात पडले. तेव्हापासून शाळेच्या खेळाआधी मेहबूबभाईंचा खेळ. पाच, सात आणि दहा वर्षांची तीन 'मापाची पोरं' समोर बसवायची, त्यांची तोंडं बघायची आणि निकाल द्यायचा, अशी त्यांची पद्धत. निकालही शिंप्याचाच. लढाईचा एक सिनेमा त्यांनी "पाचाला ढगळ, साताला फिट, धाला तोकडा" ठरवला. ज्यात पोरं चुळबुळ करतात तो "कापड कमी, झालरी लई". आणि पोरं भेदरली तर सगळ्यांत वाईट शेरा, "काखेत काचतंय". त्यापुढे अपील नाही.

गावात त्यांची चेष्टा होई. पण तंबूचा मालकच पुढच्या गावांना, माणला, कासारसाईला सांगू लागला, की पौडचं माप झालेला सिनेमा आहे. एकदा सरकारी कामाला बावधनला गेलो, तर तिथले गुरुजी मला विचारू लागले, "तुम्ही पौडचे ना? मग हा काखेत काचतो का हो?" त्या दिवशी परतताना मी सायकलवर जरा ताठच बसलो होतो.

गेल्या हंगामात मालकाने एक परदेशी रंगीत सिनेमा आणला. त्यात माणूस एकही नाही, सगळी हातानं काढलेली चित्रं, आणि ती चालतात, नाचतात, गातात. एक करडू असतं. वाऱ्याचा राक्षस त्याच्या आईला डोंगरावर नेऊन तिचा दगड करतो. मग करडू एका गाणाऱ्या कावळ्याला घेऊन ढगांच्या गावाला जातं. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण करडू सगळ्यांना कळत होतं. आमच्याकडे ते घरोघरी आहे.

मापाच्या पोरांत पाच वर्षांची म्हणून माझी सुमन होती. कावळ्याच्या गाण्याला तिघंही खिदळली. मग आईचा दगड झाला आणि नेमकं तिथंच रीळ संपलं. तंबूत यंत्र एकच. रीळ बदलायचं म्हणजे दिवे लागतात. मी घड्याळ लावलं होतं, पाच मिनिटं गेली. तेवढा वेळ समोर कोरा पडदा, आणि दहा वर्षांच्या बाजीच्या मुठीतले शेंगदाणे मुठीतच राहिले. खेळ संपेपर्यंत तिघंही पुन्हा हसू लागली होती.

"सिनेमा चांगला हाय," मेहबूबभाई बाहेर येऊन म्हणाले. "पर त्या पाच मिन्टांत काखेत काचतंय."

मालक म्हणाला, रीळ मला कापता येत नाही, आणि उद्या संध्याकाळचा खेळ करून तंबू हलणार. शाळेतल्या अठ्ठावन्न पोरांना खेळ कबूल झालेला. हेडमास्तर म्हणाले, मेहबूबभाई नाही म्हणाले तर नाही. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. ते मला बाजूला घेऊन गेले.

"भाऊसाहेब, म्होरं काय हुतं? ती आई उठती का?"

मी म्हटलं, "उठते की. पोरं हसली ती तुम्ही पाहिलीत ना?"

"हसली, पर कशापायी ते मला काय ठावं? कावळ्यालाबी हसली असतील. उठती म्हंजी नक्की उठती?"

मी नक्की म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. एरवी मीच लोकांना तीनदा विचारतो, म्हणून राग आला नाही. मी डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा ते मालकाला म्हणाले, "लाव उद्या. तेवढी शिवण म्या घालतो."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अठ्ठावन्न पोरं बसली. आईचा दगड झाला आणि दिवे लागले. पहिल्या रांगेतलं एक पोर ओठ काढून रडायच्या बेतात आलं. मेहबूबभाई डब्यावरून उठले. हा माणूस चार लोकांत कधी बोललेला नाही. त्यांचे हात सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत होते.

"पोरांनो, ती उठती," ते म्हणाले. "म्या भाऊसाहेबांना इचारलंय. त्यांनी सोता बघितलंय."

मागून एका पोरीने विचारलं, "किती येळानं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आदल्या दिवशीचा आकडा माझ्या वहीत होताच. "दिवे गेल्यापासून तेरा मिनिटांनी," मी उभा राहून सांगितलं. पोरांत कुजबुज झाली, कुणी बोटं मोजली, आणि बाजीने एक शेंगदाणा तोंडात टाकला.

दिवे गेले. मेहबूबभाई डब्यावर बसले, पण या वेळी पोरांकडे पाठ करून. आई उठली तेव्हा अठ्ठावन्न पोरं ओरडली. मी पडदा पाहिला नाही, त्यांची पाठ पाहत होतो. ती बराच वेळ हलली नाही.

खेळ संपल्यावर आम्ही दोघं घरी आलो. ओट्याशी आल्यावर मेहबूबभाई म्हणाले, "सात वर्साचा हुतो म्या. आईला झोपवलेली आन् समदे मला सांगत हुते, उठंल, उठंल. म्या दिस मावळस्तोवर बसलो हुतो." मग कुलूप काढताना पुढे म्हणाले, "तुमी तेरा मिन्टं म्हनला हुतासा. बाराच लागली."

माझ्या घड्याळात तेराच झाली होती. आकड्याच्या बाबतीत मी साहेबांनाही सूट देत नाही.

"बाराच असतील," मी म्हटलं.